साक्षीचा रकाना

अतिदक्षता विभागात त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. नात्याने त्या एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. एकाच दिवशी, एकाच रांगेत उभ्या राहून त्यांनी नोकरीचे कागद घेतले. कागद वाटणाऱ्या कारकुनाने दोघींच्या जन्मतारखा वाचल्या आणि जी आठ महिन्यांनी मोठी निघाली तिला म्हणाला, "थोरल्या, तुम्ही आधी सही करा." ते नाव एकोणीस वर्षं चिकटून राहिलं. नवे डॉक्टर निदान सहा महिने तरी त्यांना सख्ख्या बहिणी समजत, आणि दोघी तो समज मोडायच्या भानगडीत पडत नसत. थोरली तर अगदी सरळ चेहऱ्याने सांगे, की हिला आमच्या घरी दवाखान्यातून चुकून बदलून दिलं, आम्ही तक्रार केली नाही इतकंच. त्यावर धाकटी म्हणे, "अजून वेळ गेलेली नाही. कर तक्रार."

थोरली उंच, हाडकुळी, चालताना पायरव न करणारी. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला, खिशात दोन पेनं आणि एक छोटी बॅटरी. बोलणं मोजकं, पण आवाज असा खणखणीत की पाच खाटांपलीकडचा बेशुद्ध माणूसही पापणी हलवी. तिच्या मागे तिला सगळे 'कोंबडा' म्हणत, कारण विभागात माणसं जागी करायचं काम तिचं होतं. तिला ते ठाऊक होतं. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने चुकून तोंडावरच म्हटलं, तर ती म्हणाली, "कोंबडा आरवला नाही तरी उजाडतं असं तुम्हाला वाटतं ना? इथे नाही उजाडत."

तिच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. ज्याची फुप्फुसं थकली त्याच्या घशात नळी घालून मशीनने श्वास द्यावा लागतो, आणि ती नळी शुद्धीवरच्या माणसाला सहन होत नाही. म्हणून त्याला झोपवतात. झोपेचं औषध सिरिंजमध्ये भरून एका छोट्या पंपात लावतात आणि ते थेंबाथेंबाने शिरेत जात राहतं. कमी पडलं तर माणूस हातपाय झाडून नळी उपटतो. जास्त झालं तर ते अंगात साठत जातं, मूत्रपिंडं अशक्त असली तर फारच साठतं, आणि मग माणूस उठायला हवा तेव्हा उठत नाही. या दोहोंमधली वाट अरुंद असते. डॉक्टर आकडा लिहून पुढच्या खाटेकडे जातात, त्या आकड्यापाशी बारा तास उभी राहते ती नर्स. दर तासाला ती हाक मारून पाहते, डोळे उघडतो का, नजर देतो का, आणि झोप किती गाढ आहे त्याचा अंक तक्त्यात लिहिते.

सकाळी आठ वाजता पंप बंद करून माणूस जागा होतो का हे बघायची पद्धत त्या विभागात थोरलीने रुजवली होती. आधी डॉक्टरांनाही ते उगीच वाटे. पण ज्यांना रोज जागं केलं, त्यांच्या नळ्या लवकर निघाल्या, ती माणसं लवकर घरी गेली, आणि मग नव्या नर्सेसना ते शिकवायचं कामही तिच्याकडेच आलं. तिची एक रीत होती. नातेवाइकांना ती विचारून घेई, की यांना घरी काय म्हणतात, कुठल्या कुशीवर झोपतात, काम काय करतात. बेशुद्ध माणसाला त्याच्या कागदावरच्या नावाने हाक मारणं म्हणजे चुकीच्या घराची कडी वाजवणं, असं ती नव्या मुलींना सांगायची.

तीन नंबरच्या खाटेवरचा माणूस शिंपी होता. पन्नाशीचा, बुटका, उजव्या अंगठ्याला कात्रीने पडलेला घट्टा. फुप्फुसाच्या तापाने आला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याच्या बायकोने सांगितलं, की घरी, दारी, दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीसुद्धा. सहा दिवसांनी ताप उतरला, फुप्फुसं मोकळी होऊ लागली, आणि सोमवारपासून थोरलीने सकाळी पंप बंद करायला सुरुवात केली. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणे, "मास्तर, माप घ्यायचंय. माझं बोट दाबा." उत्तर नाही आलं तर खांदा हलवी. तरीही नाही, तर नखावर पेन आडवं धरून दाबी. ते दुखतं, पण दुखतंय हे मेंदूपर्यंत पोचतं की नाही, हेच बघायचं असतं.

मास्तर उठले नाहीत. सोमवारी नाहीत, मंगळवारी नाहीत, बुधवारी आणि गुरुवारीही नाहीत. दुपार कलली की नुसते खोकायला लागत, मशीनशी भांडत, छाती धपापे, पण डोळे मिटलेलेच आणि बोटांत जीव नाही. मग संध्याकाळी नाइलाजाने औषध पुन्हा सुरू करावं लागे, आधीच्या निम्म्याने, ताशी दोन मिलिलिटर. रोज बाहेरच्या खुर्चीवरून उठून बायको एकच प्रश्न विचारी, "आज बोट दाबलं का हो?" आणि रोज थोरलीला नाही म्हणावं लागे.

मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून घेतला. त्यात ठळक काही दिसलं नाही. पण ते म्हणाले, आणलं तेव्हा प्राणवायू फार खाली गेला होता, मेंदूची इजा फोटोत दिसेलच असं नाही. शुक्रवारी अकरा वाजता बायकोला बोलावून स्पष्ट सांगायचं त्यांनी ठरवलं, की आता फार आशा धरू नका. गळ्याला भोक पाडून कायमची नळी बसवू आणि मास्तरांना मागच्या इमारतीत हलवू. मागच्या इमारतीत कोण जातात आणि तिथून किती परत येतात, हे विभागात कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

थोरलीचं मन ते घेत नव्हतं. चार दिवस ती स्वतःलाच कोसत होती, की आपल्या हाताखालून एवढी माणसं उठली आणि हा एवढा एक आपल्याला का सापडत नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ती पाळीवर आली. रात्रीची पाळी धाकटीची असे. दीड वर्षापूर्वी धाकटीची आई पडली आणि अंथरुणाला खिळली. दिवसा तिच्यापाशी राहता यावं म्हणून धाकटीने कायमची रात्र मागून घेतली होती. त्याच सुमारास रात्रीच्या नर्सेस कमी केल्या आणि दोन खाटांच्या जागी तिच्याकडे तीन आल्या. सकाळी एकमेकींकडे रुग्ण सोपवताना दोघी पंपापाशी उभ्या राहत, धाकटी आकडा मोठ्याने वाचे, थोरली मान हलवी. मग धाकटी पंपावरचं एक बटण दाबून रात्रीची एकूण बेरीज पुसून टाके, म्हणजे दिवसाचा हिशेब शून्यापासून सुरू व्हावा. त्या दिवशी आकडा वाचतानाच धाकटीचा फोन वाजला. आईपाशी बसणारी बाई होती, आईने दूध ओकलं म्हणत होती. धाकटी फोन कानाला लावून कपडे बदलायच्या खोलीकडे गेली, आणि बटण दाबायचं राहून गेलं.

थोरलीने ते आपणच दाबावं म्हणून बोट पुढे केलं आणि थांबली. ताशी दोन म्हणजे बारा तासांत चोवीस व्हायला हवेत. पंपावर चौसष्ट होते.

तिने चष्मा चढवून पुन्हा पाहिलं. मग तक्ता पाहिला. रात्रभर दर तासाला धाकटीच्या गोल, सुंदर अक्षरात ताशी दोन, ताशी दोन लिहिलेलं होतं. सिरिंजमध्ये औषध जेवढं उरायला हवं तेवढंच उरलेलं होतं. म्हणजे रात्रीत कधीतरी ती संपली होती आणि उरायला हवं तेवढं उरेल अशा बेताने पुन्हा भरली होती.

झोपेच्या औषधाच्या कुप्या कुलुपाच्या कपाटात असतात, आणि कुपी काढली की वहीत नोंद करावी लागते. किती वाजता, कोणत्या खाटेसाठी, किती कुप्या, काढणारीची सही, आणि शेवटच्या रकान्यात साक्षीला दुसऱ्या नर्सची सही. थोरलीने वही उघडली. पहाटे चार, खाट तीन, चार कुप्या. खाली धाकटीची सही. साक्षीच्या रकान्यात सही होती ती थोरलीची.

पहाटे चारला थोरली आपल्या घरी, आपल्या अंथरुणात होती. पण सही खोटी नव्हती. तिनेच केलेली होती. रात्री साक्षीला दुसरी नर्स बोलवायची म्हणजे तिने तिकडचे तीन रुग्ण सोडून यायचं. ती कुरकुर करी, धाकटीला उशीर होई. तेव्हा थोरली म्हणाली होती, की कशाला रात्री कुणाच्या मिनतवाऱ्या करतेस, मी जाताना करून ठेवते. रोज संध्याकाळी घरी निघताना ती साक्षीच्या रकान्यात पाच-सहा कोऱ्या ओळींवर सही करून जायची. दोघींच्या एकोणीस वर्षांत याहून कितीतरी मोठ्या गोष्टी न विचारता झाल्या होत्या. ती एक सोय होती, आणि तिच्यात थोडा लाडही होता. आपण काय करतो आहोत असा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

तिने पानं मागे उलटली. गुरुवार पहाट, बुधवार पहाट, मंगळवार पहाट. खाट तीन, चार कुप्या. आणि त्याच्याही मागे, दुसऱ्या खाटा, दुसरे महिने. वहीत धाकटी खोटं लिहू शकत नव्हती, कारण कुप्या मोजल्या जात. तक्त्यात मात्र लिहू शकत होती. वही आणि तक्ता शेजारी ठेवून कुणी पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पाहणं हे साक्षीदाराचं काम होतं.

थोरलीने पंप बंद केला, शेजारच्या नर्सला पाच मिनिटं लक्ष ठेवायला सांगितलं आणि कपडे बदलायच्या खोलीत गेली. खोली अरुंद होती, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं आणि मध्ये बाक. धाकटी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. थोरली दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "चौसष्ट."

धाकटीचा हात नाडीवरच थांबला. कसले चौसष्ट, असं तिने विचारलं नाही. तिथेच थोरलीच्या मनातली उरलीसुरली आशा संपली.

"पुसायचं राहिलं," धाकटी म्हणाली.

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. मागच्या वर्षी एका ट्रकवाल्याने तिच्या पाळीत नळी उपटली होती. ती तेव्हा दुसऱ्या खाटेपाशी होती. माणूस वाचला, पण चौकशी झाली आणि तीन आठवडे तिला कामावर घेतलं नाही. तेव्हापासून ज्याचे हात हलायला लागत त्याचा पंप ती रात्री आठ वाजता वाढवी आणि सकाळी सहाला पुन्हा खाली आणी. सगळ्यांचा नाही, फक्त हलणाऱ्यांचा. कुणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी नव्हतं, आणि थोरलीला तेही खरं वाटलं.

"सकाळी तू त्यांना जागं करतेस आणि सगळे तुझं कौतुक करतात," धाकटी म्हणाली. "रात्री ते जागे झाले तर धरायला मी एकटी असते, थोरले. तीन खाटा, दोन हात."

"मला सांगायचं होतंस."

"काय केलं असतंस? आणखी चार सह्या करून ठेवल्या असत्यास."

थोरलीला ते तोंडात मारल्यासारखं झालं. ती इतकंच म्हणाली, की अकरा वाजता मास्तरांच्या बायकोला बोलावलंय. मास्तरांच्या मेंदूला काही झालेलंच नसेल. नुसतं औषध अंगात साठलं असेल, आणि त्या बाईला आज सांगणार आहेत की नवरा गेल्यातच धर. धाकटीला हे ठाऊक नव्हतं. रात्रीच्या पाळीला दिवसाचे बेत कोण सांगतं?  मग तिने थोरलीचं मनगट धरलं. आजपासून नाही करणार म्हणाली, आईची शपथ घेतली. डॉक्टरांकडून दोन दिवस मागून घे, औषध उतरेल, मास्तर उठतील, कुणाला काही कळायचं कारणच नाही. फक्त कारण सांगू नकोस.

आणि थोरलीने होकारार्थी मान हलवली. हेही सांगितलं पाहिजे. तिने मान हलवली आणि मनापासून हलवली.

साडेदहाला ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दोन दिवस मागितले. डॉक्टर बरे होते, तिला मानणारे होते, पण आठवडाभर नीट झोपलेले नव्हते. का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मला वाटतं ते उठतील. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुमच्याकडे कारण आहे, की नुसती इच्छा आहे?"

ती पुन्हा तेच म्हणाली, मला वाटतं. डॉक्टर समजुतीने म्हणाले, की इच्छा माझीही आहे, पण इच्छेवर त्या बाईला टांगून ठेवणं हा क्रूरपणा होईल. बोलावून आणा त्यांना.

बाहेर मास्तरांची बायको खुर्चीवरून उठून उभी राहिली. आज तिने केस नीट विंचरले होते. डॉक्टर स्वतः बोलणार म्हणजे काहीतरी चांगलं असेल, असं तिला वाटलेलं दिसत होतं. तिने विचारलं, "आज बोट दाबलं का हो?"

चार दिवस थोरलीने या प्रश्नाला प्रामाणिकपणे नाही म्हटलं होतं. आज तोच शब्द तिला म्हणवेना, कारण आज तो खरा असूनही खोटा होता. ती त्या बाईला म्हणाली, जरा बसा, आणि मागे वळली. कपाटातून वही काढली, खाटेपासचा तक्ता काढला, आणि दोन्ही नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग एका ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टर बराच वेळ वाचत राहिले. पानं मागे उलटत गेले. मग म्हणाले, "साक्ष तुमची आहे."

"हो," ती म्हणाली.

त्या दिवशी अकरा वाजता मास्तरांच्या बायकोला एवढंच सांगितलं गेलं, की निर्णय पुढे ढकललाय, औषध पूर्ण उतरू दे. दुपारी धाकटीला घरी फोन गेला की रात्री येऊ नका.

रविवारी सकाळी मास्तरांनी डोळे उघडले. आधी नुसती फट, मग बुबुळं फिरली, छतावरून खिडकीकडे आणि खिडकीवरून थोरलीकडे. ती म्हणाली, "मास्तर, बोट दाबा." कात्री चालवणारा हात होता. त्याने तिचं बोट असं आवळलं की तिला ओठ चावावा लागला. बाहेर जाऊन तिने बायकोला सांगितलं, आज दाबलं. ती बाई खुर्चीवर बसली ती बसलीच. हसायचं की रडायचं ते तिला ठरवता येईना.

सोमवारी मेट्रनबाईंच्या खोलीत चौकशी झाली. टेबलापलीकडे मेट्रनबाई आणि मोठे डॉक्टर, कडेला लिहून घेणारा कारकून. अलीकडे दोन खुर्च्या, एकीवर थोरली, दुसरीवर धाकटी. तीन दिवसांत धाकटीने थोरलीचा एकही फोन घेतला नव्हता. थोरलीने मनाशी ठरवून ठेवलं होतं, की सांगायचं ते सगळं सांगायचं, ट्रकवाल्याचं, तीन खाटांचं, अंथरुणावरच्या आईचं. धाकटीवर एकटीवर येऊ द्यायचं नाही.

पण आधी धाकटीला विचारलं. तिने काहीच नाकारलं नाही. पंप वाढवला, तक्त्यात खोटं लिहिलं, सगळं कबूल केलं. मग मेट्रनबाईंनी विचारलं, की हे आणखी कुणाला ठाऊक होतं? धाकटीने टेबलावरच्या उघड्या वहीकडे पाहिलं. थोरलीकडे एकदाही पाहिलं नाही.

"तिला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. "सही तिचीच आहे."

थोरलीला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. एकोणीस वर्षांत धाकटीने तिला 'ती' म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. मेट्रनबाईंनी वही तिच्याकडे फिरवून विचारलं, ही सही तुमची? माझीच. कधी केली? संध्याकाळी, आधीच, कोऱ्या ओळीवर. किती दिवस? दीड वर्ष. का? थोरली म्हणाली, की विश्वास होता. मेट्रनबाईंनी चष्मा काढला, तो पुसला. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना वाईटच वाटत होतं.

"सिस्टर, या वहीत विश्वासाचा रकाना नाही. साक्षीचा आहे."

मग ट्रकवाल्याचं आणि आईचं सांगायचं थोरलीच्या तोंडून झालंच नाही. तीन खाटांचं मात्र तिने सांगितलं. कारकुनाने ते लिहून घेतलं की नाही, हे तिला दिसलं नाही. बाहेर पडताना जिन्यापाशी दोघी क्षणभर समोरासमोर आल्या. थोरलीने विचारलं, "असं का म्हणालीस?" धाकटी म्हणाली, "तू मान हलवली होतीस," आणि उतरून गेली.

निकाल महिनाभराने लागायचा होता, पण काही गोष्टी लगेच झाल्या. धाकटीला निलंबित केलं. थोरलीच्या कागदांत ताकीद लागली आणि नव्या नर्सेसना शिकवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. चहाच्या खोलीत ती शिरली की बोलणं हवापाण्यावर येई. वहीचा प्रकार कळल्यावर रात्रपाळीच्या इतर दोघीतिघींना आपापल्या जुन्या सह्या आठवल्या होत्या, आणि ती भीती त्यांनी रागात घालवली. एक जण कप विसळता विसळता म्हणाली, "सख्खी असती तर दिलं असतंस का गं धरून?" थोरलीने खरोखर विचार केला. मग ती चहा न घेताच परतली.

एक मास्तर तेवढे राहिले होते. मंगळवारी त्यांची नळी निघाली. थोरलीने स्वतःशीही कधी म्हटलं नसतं, पण बुधवारी सकाळी तीन नंबरच्या खाटेकडे जाताना तिची पावलं जरा लगबगीने पडत होती. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं तो माणूस आज बोलणार होता.

मास्तर उशीला टेकून बसले होते. बायको वाटीतून चमच्याने पाणी पाजत होती. थोरली जवळ आली तसे ते आक्रसले. हात पांघरुणाखाली घेतले. नळीने सोलवटलेल्या घशातून घोगरा आवाज आला, पण शब्द स्पष्ट होते. "ही बाई नको."

बायको कानकोंडी झाली. अहो, यांनीच तर तुम्हाला, असं काहीतरी म्हणू लागली, पण मास्तर ऐकेनात. ही रोज सकाळी यायची, म्हणाले. छातीवर येऊन उभी राहायची, कानात ओरडायची, नखं उपटायची. मी दुकानात होतो, तिथे येऊन माझी बोटं मशीनच्या सुईखाली धरायची. सोड म्हटलं तर आणखी ओरडायची. बोलता बोलता त्यांना धाप लागली.

झोपेच्या औषधातून उठणाऱ्या माणसाला अशी स्वप्नं पडतात, ती कधी महिनाभर सुटत नाहीत, हे थोरली नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवायची. तिने खाटेजवळच्या पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा पाहिला. तो ठीक होता. ती एक पाऊल मागे सरली.

"ती दुसरी कुठे आहे?" मास्तर बायकोला विचारत होते. "संध्याकाळी यायची ती. कपाळावरून हात फिरवायची. झोपा दादा, काही नाही, म्हणायची. ती चांगली होती. तिला बोलव."

बायकोने थोरलीकडे पाहिलं. चौकशीबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिच्या लेखी दोघीही सिस्टरच होत्या, आणि नवऱ्याने मागितलेली सिस्टर मिळेल का, एवढंच तिला हवं होतं.

"त्या नाहीत सध्या," थोरली म्हणाली. "मी दुसरं कुणी पाठवते."

तिने पलीकडच्या खाटेवरच्या तरुण नर्सला हाक मारली, अदलाबदल करू म्हणाली, आणि मास्तरांचं सगळं तिला समजावून दिलं. पाणी चमच्यानेच, हनुवटी खाली करून, गिळलं याची खात्री झाल्याशिवाय दुसरा चमचा नाही. आवाज बारीक ठेव. अंगाला हात लावण्याआधी त्यांना सांग. मास्तर म्हण. नखांना हात लावू नकोस.

मग ती चार नंबरच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. तिथे एक म्हातारी मशीनवर होती. आठ वाजायला दहा मिनिटं होती. कोंबड्याने जीव लावून उठवलेला माणूस उठल्या उठल्या काय म्हणाला, हे ऐकून पोट धरून हसली असती, आणि हसून झाल्यावर न सांगता तिच्या शेजारी बसून राहिली असती, अशी एकच बाई थोरलीला ठाऊक होती. ती फोन उचलत नव्हती. थोरलीने म्हातारीच्या सुनेला बाहेरून आत बोलावलं आणि विचारलं, की यांना घरी काय म्हणतात.